छप्पन वर्षं पाटावर बसलेली नवरी

परशुराम मढवी यांनी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नोकरी केली, आणि त्या चौतीस वर्षांत न कळलेला एकही कागद त्यांनी टेबलावरून पुढे जाऊ दिला नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर सहाव्या महिन्यात, एका रविवारी सकाळी त्यांच्या मुलाने, दिपेशने, त्यांच्या कानात बिनवायरची बोंडं खुपसली आणि "बाबा, ऐका, सायकेडेलिक फोक आहे," असं सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा की, हे कुठल्या खात्याखाली येतं?

"बाबा, खातं-बितं सोडा ना. सिक्स्टी-एटची रेकॉर्ड आहे, इंग्लंडची. ऐका फक्त."

मढवींनी ऐकलं. आधी नळ गळत होता. मग सतारीसारखं काहीतरी जिन्यावरून गडगडत खाली आलं. मग एक गृहस्थ सर्दी झालेल्या आवाजात इंग्रजीतून चंद्राची चौकशी करू लागला. त्याला कुणी उत्तर देईना, फक्त मागे बेडूक ओरडत होते. मढवी समजूतदारपणे मान हलवत राहिले, कारण मुलगा आयटीत होता आणि रविवारी त्याचं मन मोडायचं नव्हतं. मग नळ, सतार, बेडूक सगळं एकदम थांबलं आणि एका बाईने सूर लावला. उघडा, उंच, खाडीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा. मढवींनी बोंडं उपटून काढली आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं. तोच आवाज, छप्पन वर्षांनी जरा खरखरीत झालेला, आत त्यांच्या बायकोला विचारत होता की बोंबील असे धुतात का.

आत जाईबाई होत्या, मढवींच्या आई. वय चौऱ्याऐंशी. आगरी लग्नात मांडवात बसून सगळे विधी गाऊन लावणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात आणि ती गाते तो धवला. शीळफाट्यापासून डोंबिवलीपर्यंतच्या गावांत जाईबाईंनी चारेकशे लग्नं लावली होती. गुडघे गेल्यापासून त्या कोपरीला मुलाच्या फ्लॅटवर राहत होत्या आणि धवला बंद होता. मढवींनी ही गोष्ट खात्यात कधी कुणाला सांगितली नव्हती. आई काय करतात असं कुणी विचारलंच, तर ते "घरीच असते" म्हणत. हे अगदीच खोटं नव्हतं, कारण लग्नं लोकांच्या घरीच लागत.

रेकॉर्डचं नाव मराठीत सांगायचं तर 'हळदीच्या नदीत निजलेला सूर्य'. दिपेशने मोबाइलवर वेष्टण दाखवलं. पुढच्या बाजूला एक केशरी मासा चिलीम ओढत होता. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत वाजवणाऱ्यांची नावं होती, बासरी ज्याने उसनी दिली त्याचं नाव होतं, एका गाण्यात भुंकणाऱ्या कुत्र्याचं नाव होतं, आणि सगळ्यात खाली होतं: गायिका, एक अनोळखी खेडूत स्त्री.

"कुत्र्याचं नाव घातलंय," मढवी म्हणाले.

"हो ना."

"आणि आईचं नाही?"

एरवी आईच्या गाण्याबद्दल अवाक्षर न काढणारे मढवी त्या क्षणी पेटून उठले. गाण्याचं त्यांना काही नव्हतं, पण नोंद चुकली होती.

जाईबाईंना विचारलं तेव्हा त्यांना सगळं आठवत होतं. "शीलच्या म्होरं गारी बंद परली त्यांची. तीन दारीवाले आन एक बाय. पायान चपला नव्हत्या. मना वाटला, गरिबाची पोरा हान. पयले जेवाला घातला." लग्न होतं त्यांच्या चुलत जावेचं. जेवण झाल्यावर दाढीवाल्यांनी एक पेटी उघडली, तिच्यात दोन चाकं फिरत होती, आणि ती पेटी त्यांनी मांडवाच्या खांबाशी ठेवली. "मी म्हटला, ठेव बाबा. कोनाची पेटी, आपल्याला काय करायचा?"

"आणि आजी, मधे बाळ रडतंय ते कुणाचं?" दिपेशने विचारलं. हे महत्त्वाचं होतं. चौथ्या मिनिटाला एक मूल मोठ्याने टाहो फोडतं, आणि त्या टाहोवर इंग्लंडातल्या जाणकारांनी पानंच्या पानं लिहिली होती. एकाने त्याला विश्वाच्या जन्माची किंकाळी म्हटलं होतं. दुसऱ्याचं म्हणणं होतं की असा आवाज माणूस काढूच शकत नाही, ते यंत्र आहे.

"ता ह्यो," जाईबाई मढवींकडे बोट दाखवून म्हणाल्या. "भूक लागलेली. दोन वर्साचा घोरा झालेला, तरी मांडीवं यायचा होता त्याला."

दुपारी दिपेश झोपल्यावर मढवींनी ते जाणकारांचे लेख शब्दकोश घेऊन दोनदा वाचून काढले. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या कुठल्याही कामाची इतकी दखल कुणी घेतली नव्हती.

ती रेकॉर्ड इंग्लंडातली एक छोटी कंपनी नव्याने काढणार होती. तिथे नील नावाचा एक सभ्य गृहस्थ होता. दिपेशने त्याला मेल लिहिली, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. नीलला आनंद झाला होता, पण अडचण अशी होती की, ती अनोळखी स्त्री आपलीच आजी असल्याचं कळवणारं हे तिसरं कुटुंब होतं. वेष्टण तीस नोव्हेंबरला छपाईला जाणार. त्याआधी खात्री पटली तर नाव छापू, नाहीतर पुन्हा 'अनोळखी' असंच जाईल. खात्रीचा उपायही त्याने सुचवला होता. रेकॉर्डवरचं गाणं अकराव्या मिनिटाला, फीत संपल्यामुळे, मध्येच तुटतं. त्या दाढीवाल्यांपैकी एकाच्या वहीत तुटल्यानंतरचं गाणं कसं पुढे गेलं याची टिपणं आहेत. बाईंनी तिथून पुढे गाऊन दाखवलं, तर प्रश्न मिटला. शक्य झाल्यास एखादा सरकारी कागदही जोडावा.

यातलं गाण्याचं मढवींना फारसं कळलं नाही, पण सरकारी कागद म्हटल्यावर त्यांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी नवी फाइल घेतली, तिच्यावर 'हळद/नदी/सूर्य' असा विषय लिहिला आणि कल्याणच्या सरकारी कचेरीत गेले.

"काय दाखला पाहिजे?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"सदर बाई ह्याच त्या बाई आहेत, असा."

"कुठल्या बाई?"

"रेकॉर्डवरच्या. अडुसष्ट सालच्या."

बाईंनी शांतपणे यादी वाचली. रहिवासाचा दाखला होता, उत्पन्नाचा होता, जातीचा होता, शेतकरी असल्याचा होता. 'त्याच त्या' असल्याचा नव्हता. मढवींनी कलम सुचवलं, बाईंनी ते कलम रद्द झाल्याचं सांगितलं. मढवींनी वरिष्ठांना भेटतो म्हटलं, वरिष्ठ दौऱ्यावर होते. मढवींना हे संभाषण शब्दन् शब्द पाठ होतं. फक्त आजपर्यंत ते नेहमी खिडकीच्या आतल्या बाजूने बोलले होते. शेवटी बाईंना त्यांची दया आली. "काका, आई पेन्शनवर आहेत का? मग हयातीचा दाखला काढा. तेवढं होईल." संध्याकाळी मढवी घरी आले ते आई जिवंत असल्याचा पुरावा घेऊन. तो त्यांनी आईलाच दाखवला. जाईबाईंनी उलटसुलट पाहून विचारलं, "तुला शंका होती काय?"

एव्हाना मीठबंदर रोडवरच्या त्यांच्या इमारतीत बातमी पसरली होती. सोसायटीचे अध्यक्ष अण्णा वर आले. अण्णा ऐंशीचे, निवृत्त मुख्याध्यापक, आणि फसवणुकीच्या बातम्यांची कात्रणं जपणारे. "मढवी, मी स्पष्ट सांगतो. हा नील तुमच्या मातोश्रींचा आवाज मागतो आहे. उद्या त्याच आवाजात तो बँकेला फोन करील."

"बँकेला धवला ऐकवून काय होणार, अण्णा?"

"ते मला सांगता येणार नाही. पण सावध राहा."

नीलने दरम्यान मोठ्या मनाने जुन्या रेकॉर्डची एक प्रत कुरियरने पाठवली, 'गायिकेच्या कानांसाठी' अशी चिठ्ठी लावून. आता ती वाजवायची कशावर? अख्ख्या इमारतीत चालू रेकॉर्ड प्लेअर एकाच घरात होता, तळमजल्यावर राजरत्नकडे. राजरत्न वीजमंडळात होता. त्याचे वडील देवराम यांनी आयुष्यभर जमवलेल्या भीमगीतांच्या तबकड्या आणि ते यंत्र त्याने लेकरासारखं सांभाळलं होतं. चौदा एप्रिलला पहाटे त्यावर पहिलं गाणं लागायचं, मग इमारत उठायची.

"या ना काकू, बसा. बाबांची मशीन आहे, घाबरायचं नाय," राजरत्न म्हणाला आणि त्याने तबकडी लावली. पहिल्यांदा चुकीचा वेग लागला आणि चंद्राची चौकशी करणारा गृहस्थ मुंगीएवढा होऊन घाईघाईने ओरडू लागला. मग वेग सुधारला. सतार जिन्यावरून उतरू लागली. अण्णा डोळे मिटून बसले होते. पंधरा मिनिटांनी बाजू संपली तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "तारा जुळवायला फार वेळ घेतात. आता सुरू करतील ना?"

बाजू उलटली. नळ, बेडूक, आणि मग तो सूर. खोलीतलं कुणी हललं नाही. चौथ्या मिनिटाला मूल रडलं, आणि सगळ्यांनी मढवींकडे पाहिलं. मढवींनी चष्मा पुसला. मूल रडत होतं, पण गाणारीचा सूर केसभरही हलला नाही. फक्त मागे बांगड्या वाजल्या, थोपटल्यासारख्या, आणि मूल गप्प झालं. अकराव्या मिनिटाला, ओळीच्या अर्ध्यावर, गाणं तुटलं आणि पुन्हा बेडूक आले.

जाईबाई उभ्याच राहिल्या. "म्होरं?"

"एवढंच आहे, आई. आता पुढचं तू म्हण. दिपेश मोबाइलवर घेईल."

"मांडव कुठं हाय? देव कुठं बसवलं? पाटावं कोन हाय?"

"कुणी नाही, पण नुसतं गाऊन..."

"नुसता?" जाईबाईंनी मुलाकडे असं पाहिलं की मढवी एकदम दोन वर्षांचे झाले. "धवला नुसता नाय गायाचा. त्यानं देव येतान, पितर येतान. आलेल्यांना काय सांगू, लगीन नाय, मोबाइल हाय? " त्यांनी तबकडीकडे बोट दाखवलं. "आन ह्या तव्यान बघ काय केलाय. पोरीला पाटावं बसवली आन अर्ध्यावं सोरली. छप्पन वर्सा बसलीय ती."

"अगं, तिचं लग्न लागलं ना! चार मुलं झाली, त्यातला तो दौलत!"

"गावान लागला. तव्यान नाय लागला." आणि त्या राजरत्नच्या बायकोचा हात धरून जिना चढायला लागल्या.

म्हणजे आता लग्न पाहिजे होतं. हातात सतरा दिवस होते.

योगायोगाने त्याच दौलतच्या मुलीचं, कल्पिताचं, लग्न त्याच आठवड्यात होतं. दौलत मढवींचा चुलतभाऊ. त्याच्या भाताच्या शेतावर आता मंगल कार्यालय उभं होतं आणि तो त्याचा मालक होता. मढवींनी फोन केला. "दादा, काकीला आन ना!" दौलत खूश झाला. "हलदीला गाऊ दे. मी डीजेवाल्याला सांगतो, धा मिनिटा मोकली सोर. ड्रोन येवाच्या आधी."

शीळफाट्यापाशी दुपारभर वाहतूक तुंबली होती, तरी ते वेळेत पोचले. मांडव होता, देव बसवले होते, कल्पिता पिवळ्या साडीत पाटावर होती. जाईबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि सूर लावला. दिपेशने मोबाइल पुढे धरला. मढवींनी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं सगळं नीट चाललं. मग डीजेवाल्या मुलाला ते फार आवडलं. त्याने आधी हलकेच खाली ढोल सोडला, मग पक्ष्यांचे आवाज, मग जाईबाईंचाच आवाज फिरवून उलटा, चार दिशांनी. पोरं नाचायला उठली. दौलत नाचायला उठला. कल्पितासुद्धा पाटावरून उठून नाचून आली. दिपेश मात्र भारावून गेला होता. "बाबा, सेम टू सेम! त्या इंग्लंडवाल्यांनी पण हेच केलेलं!"

जाईबाई थांबल्या. रागावल्या नाहीत. नवरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पोरांना घाई हाय. आपन घरा जाव."

मोबाइलवर जे आलं त्यात जाईबाई कुठे आहेत ते नीललाही सापडलं नाही. त्याने फार चांगलं असल्याचं कळवलं आणि डीजेचं नाव विचारलं.

नंतरचा आठवडा मढवींच्या आयुष्यातला सगळ्यात गोंधळाचा गेला. अण्णांनी तुळशीचं लग्न सुचवलं, तिथी नुकतीच होऊन गेली असली तरी तुळस काही तक्रार करणार नाही, या मुद्द्यावर. जाईबाई म्हणाल्या, तुळशीला धवला नसतो. मग अण्णांनी दिपेशचंच उरकून घ्या म्हटलं आणि संध्याकाळपर्यंत तीन स्थळं आणली. त्यातली एक मुलगी तर तिच्या आईसकट 'सहज' वर येऊन पोहे खाऊन गेली. दिपेशने दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातून उशिरा यायला सुरुवात केली. राजरत्न म्हणाला, "मढवीसाहेब, आमच्यात लग्न सुटसुटीत असतं. वंदना घ्यायची, हार घालायचे, जेवायचं. त्यात काकूंना कुठं बसवू? पण मांडव लागला तर सांगा, टेंभी नाक्याला माझ्या ओळखीचा डेकोरेटर आहे, नवरात्राचं कापड पडून आहे त्याच्याकडं."

"मांडव आहे, धवलारीण आहे," मढवी हताशपणे म्हणाले. "नवरा-नवरीच नाहीत."

लक्ष्मीवहिनी, म्हणजे मढवींच्या पत्नी, कोपऱ्यात मेथी निवडत होत्या. गेले पंधरा दिवस त्या या प्रकरणात एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आपलं कुठे लागलंय?"

मढवींना आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पण त्यांनी नीट ऐकलं होतं.

ब्याण्णव साली त्यांनी रजिस्टर लग्न केलं होतं. नोकरी नवी, साहेब पुण्याचे, ऑफिसातले सगळे येणार. त्यांच्यासमोर दारात अनवाणी बसून मोठमोठ्याने गाणारी आई मढवींना नको होती. असं त्यांनी म्हटलं नव्हतं. त्यांनी म्हटलं होतं, "आता काळ बदललाय." नोंदणी कचेरीत दोन सह्या झाल्या, चहा आणि वेफर्स झाले. वडील बाहेरच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. "झाला? येवराच?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. जाईबाई त्या दिवशी नवी साडी नेसून आल्या होत्या आणि काहीच बोलल्या नव्हत्या. त्यानंतरही कधी बोलल्या नाहीत. चारशे लोकांची लग्नं लावणाऱ्या बाईला पोटच्या मुलाचं लग्न लावता आलं नव्हतं, आणि बत्तीस वर्षं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त मढवींनी त्याची नोंद घेतली नव्हती.

"या वयात हळद?" ते क्षीणपणे म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"ते तुम्ही तेव्हाही म्हणाला होतात," लक्ष्मीवहिनी म्हणाल्या आणि मेथीची जुडी संपवली.

मढवींना फार लाज वाटली. मग ते उठले आणि आयुष्यात कधी सुचली नव्हती ती गोष्ट त्यांनी केली. अर्ज न लिहिता आईच्या खोलीत गेले. दार ओढलेलं होतं, त्यामुळे आत काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. दहा मिनिटांनी बाहेर आले तेव्हा जाईबाईंचा आवाज मागून येत होता. त्या तांदूळ किती, नारळ किती, उंबराची फांदी कुठून आणणार, हे विचारत होत्या.

गच्चीसाठी मात्र अर्ज लागणारच होता. अण्णांनी चष्मा लावून तो वाचला.

"कारण: लग्न. कुणाचं?"

"माझं."

अण्णांनी चष्मा काढला. "वहिनींना कल्पना आहे?"

"त्यांच्याशीच आहे, अण्णा."

"मग हे पहिलं धरायचं की दुसरं?"

"पहिलंच," मढवी म्हणाले. "पुढे चालू."

मांडवात रोवायची उंबराची फांदीही मिळाली. बी विंगच्या सांडपाण्याच्या पाइपातून एक उंबर उगवला होता, आणि तो काढावा म्हणून अण्णा दोन वर्षं पत्रव्यवहार करत होते. राजरत्न कोयता घेऊन शिडीवर चढला तेव्हा अण्णा खालून ओरडत होते की, तक्रारीचा पुरावा नष्ट होतो आहे, निदान आधी फोटो काढा.

एकोणतीस तारखेला सकाळी दहा वाजता परशुराम मढवी, वय अठ्ठावन्न, निवृत्त मुख्य लिपिक, बनियन आणि पंचा अशा वेशात गच्चीवर पाटावर बसले. डोक्यावर नवरात्रातलं लाल-पिवळं कापड फडफडत होतं. समोरच्या टॉवरच्या सगळ्या खिडक्यांत माणसं होती. शेजारच्या पाटावर लक्ष्मीवहिनी पिवळी साडी नेसून बसल्या होत्या आणि एखाद्या नवरीसारख्या खाली बघून हसत होत्या. मढवींना वाटलं, या अशा हसतात हे आपल्याला माहीत नव्हतं. दिपेशला आईबापांच्या लग्नात करवला म्हणून तांब्या धरून उभं केलं होतं. त्यामुळे रेकॉर्डिंगची जबाबदारी अण्णांवर आली. दिपेशने त्यांना मोबाइल कसा धरायचा ते तीनदा दाखवलं. अण्णा म्हणाले, मी चाळीस वर्षं मुलं सांभाळली आहेत.

जाईबाई खांबाशी बसल्या. राजरत्नची बायको मेघना आणि मुलगी मृणाल मागून सूर धरायला बसल्या, त्यांना सकाळपासून शिकवून तयार केलं होतं. पदर घेऊन जाईबाईंनी डोळे मिटले, आणि सूर लागला.

खरखर होती, दम पुरत नव्हता, पण सूर तोच होता. त्यांनी मांडवाला बोलावलं, उंबराला बोलावलं. गावदेवीला बोलावलं, खाडीला, मिठागराला, शीळच्या डोंगराला. कोपरीच्या गच्चीवर एकेक करून सगळे आले. हळद लागली. मग त्या पितरांकडे वळल्या. सासू, सासरे, दीर, रेकॉर्डवर ज्या जावेचं लग्न होतं ती जाऊ. आणि मग एक नाव आलं, जे जाईबाई एरवी कधीच तोंडातून काढत नसत, फक्त धवल्यातच घेत. मढवींच्या वडिलांचं. गाण्यात त्या त्यांना सांगत होत्या की, बाकावरून उठा, टोपी घाला, आत या, तुमच्या मुलाचं लगीन लागतंय, आता येवराच नाय, पुरा लागतंय.

मढवींनी खूप धरून ठेवलं होतं. चौतीस वर्षांची सवय होती. पण बाकावरची ती टोपी डोळ्यांपुढे आली आणि त्यांचा बांध फुटला. ते हुंदके देऊन रडले नाहीत, सभ्यपणे रडले नाहीत. "आय गं!" म्हणून त्यांनी असा टाहो फोडला की समोरच्या टॉवरच्या खिडक्या दचकल्या.

जाईबाईंचा सूर केसभरही हलला नाही. गाता गाताच त्यांनी हात लांब केला आणि मुलाच्या हळदीने माखलेल्या पाठीवर थोपटलं. बांगड्या वाजल्या. मढवी गप्प झाले.

त्यानंतर पावणेदोन तास धवला चालला. शेवटी आलेल्या सगळ्यांना जेवू घालून, वाटेला लावून जाईबाई थांबल्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "ऊठ. झाला तुजा. तव्यानली पोरगीपन उठली आता." मग त्यांनी विचारलं, भात कुठं हाय.

अण्णांनी तीनही तासांचं रेकॉर्डिंग चोख केलं होतं. फक्त मोबाइलचा कॅमेरा त्यांच्या स्वतःच्या बाजूला होता. तीन तास अण्णांचा चेहरा अत्यंत गंभीरपणे पडद्यात बघत होता, मध्ये दोनदा चष्मा सारखा करत होता आणि एकदा जांभई आवरत होता. पण आवाज स्वच्छ होता. दिपेशने धाडस करून तो तसाच पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी, छपाईच्याच दिवशी, नीलची मेल आली. वहीतली टिपणं आणि गाणं तंतोतंत जुळत होतं, शंकेला जागा उरली नव्हती. सोबत खात्रीचा एक फॉर्म होता आणि ताबडतोब हवा होता: वेष्टणावर नाव काय छापायचं?

मढवींनी आधार कार्ड काढलं, हयातीचा दाखला काढला. जाईबाई उन्हात पाय सोडून बसल्या होत्या. "आय, काय नाव छापू?" त्यांनी विचारलं.

"कश्याला नाव? आमच्या गल्लीनच चार जाईबाय होत्या." त्यांनी थोडा विचार केला. "लिव, परशुरामची आय."

मढवींनी खूप समजावलं की हा कायदेशीर कागद आहे. जाईबाई ऐकेनात. शेवटी फॉर्मवर 'जाईबाई मढवी, परशुरामची आय' असं गेलं.

तासाभरात नीलचं उत्तर आलं. तो गोंधळला होता. नाव मिळालं, आभार. पण हे परशुराम कोण? रेकॉर्डमध्ये त्यांचं काही योगदान आहे का? आणि व्हिडिओतले ते वयस्कर गृहस्थ म्हणजेच परशुराम का?

दिपेश उत्तर लिहायला बसला, तेव्हा मढवींनी त्याला उठवलं. त्यांनी चष्मा लावला, फाइल उघडली आणि एका बोटाने स्वतःच टाइप केलं. इंग्रजी करायचं काम मग दिपेशकडे आलं, आणि ते करताना त्याला बराच वेळ लागला. मूळ मसुदा असा होता:

"आपल्या आजच्या पत्रास अनुसरून कळविण्यात येते की, व्हिडिओत दिसणारे गृहस्थ सोसायटीचे अध्यक्ष असून त्यांचा या प्रकरणाशी संबंध नाही. सदर परशुराम म्हणजे मूळ रेकॉर्डमध्ये चौथ्या मिनिटाला रडणारे मूल होय. सोबतच्या रेकॉर्डिंगमध्ये एक तास बारा मिनिटांनी ते पुन्हा रडताना ऐकू येतील. दोन्ही ठिकाणी रडणारा इसम एकच असून त्यास गप्प करणारी बाईही तीच आहे, असे प्रमाणित करण्यात येत आहे."

खाली सही, नाव, आणि हुद्द्याच्या जागी, जिथे चौतीस वर्षं 'मुख्य लिपिक' येत असे, तिथे त्यांनी लिहिलं होतं: मुलगा.